जेवायला इकडे, राहायला तिकडे

तिच्या पाठीमागे सगळे तिला फिनेलबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. इस्पितळात झाडूवाली म्हणून लागली आणि मुकादम म्हणून निवृत्त झाली. तिच्या हाताखालच्या वॉर्डात शिरताना माशीसुद्धा पाय पुसून येते, असं नर्स म्हणायच्या. फरशी ओली असताना मोठ्या सर्जनला तिने दारात उभं केलं होतं. "साहेब, तुमचा पेशंट दोन मिनिटं थांबेल. ओल्या फरशीवर पाय उमटला तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल." आणि साहेब थांबले होते. ही हकिगत ती स्वतः कधी सांगत नसे. नवऱ्याकडून सांगून घेई, आणि तो एखादा शब्द विसरला तर मध्येच दुरुस्त करी.

घराला लागून मोकळी जागा होती. सासऱ्यांनी घेतलेली, नंतर दोन भावांत वाटलेली. मधे कमरेएवढी भिंत. अलीकडची बाजू फिनेलबाईची, पलीकडची धाकटीची. धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. दीर बोटीवर नोकरीला, वर्षातून कधीतरी उगवायचा. त्यामुळे पलीकडे धाकटीचंच राज्य होतं, आणि धाकटीला राज्य करायचा भयंकर कंटाळा. एक पडकी न्हाणी, तिच्या विटांमधली माती गळालेली. कधीकाळी वाळलेलं झाड आडवं पडलं ते तसंच. गुडघाभर सुकलेल्या काड्या. मधोमध उघडी, कडक, उन्हात तापलेली जमीन. धाकटी सकाळी पायरीवर बसून चहा प्यायची आणि या सगळ्याकडे असं बघायची, जसं काही तिने स्वतः रचून ठेवलंय.

"तुला लाज कशी वाटत नाही गं?" फिनेलबाई भिंतीवरून विचारायची.

"वाटते ना ताई. पण चहा संपला की जाते."

आता बोला.

निवृत्त झाल्यावर फिनेलबाईने अलीकडच्या जागेत भोपळ्याचा वेल लावला. वेल मांडवावर चढला, फुलं आली, फुलांच्या बुडाशी बोटाएवढे भोपळे दिसायला लागले. आणि एकेक करून पिवळे पडून गळले. तिने खत घातलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, नवऱ्यावर ओरडून पाहिलं. शेवटी गळलेलं फळ रुमालात बांधून बियाणेवाल्याच्या दुकानात नेऊन आपटलं.

बियाणेवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "काकू, बियाण्यात खोट नाही. नरफुलातलं पीठ मादीफुलावर न्यायला कोणी आलंच नाही. तुमच्याकडे माश्याच नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मधमाश्या, रानमाश्या, भुंगे. काहीच फिरकत नाही. औषध मारता का हो काही?"

जन्मभर जे ऐकून मान ताठ झाली होती, तेच आज कुणीतरी दोष म्हणून सुनावलं. ती तडक घरी आली. आल्यावर मुंग्यांची पावडर, झुरळांचा फवारा आणि फिनेलचा कॅन एका गोणीत भरला आणि नवऱ्याला सांगितलं, "अहो, हे माळ्यावर टाका. मी मागितलं तरी द्यायचं नाही."

नवरा प्लंबर. पाइपमध्ये अडकलेलं काय काय त्याने बघितलं होतं, पण बायकोने फिनेल सोडलेलं कधी बघेल असं त्याला वाटलं नव्हतं. "अगं, तब्येत बरी आहे ना?" त्याने विचारलं.

तर ती अशी पेटली. कुठल्या हंगामात काय फुलतं ते विचारत ती गावभर फिरली. रोपवाटिकेतल्या माळ्याला भंडावून सोडलं. कुणाच्या कुंपणावर काही नवीन दिसलं की फांदी मागायची, आणि मागितली म्हणजे मिळेपर्यंत हलायचं नाही. आधी सूर्यफूल, झिनिया, कॉसमॉस, मग सब्जा, मग बडीशेप आणि कोथिंबीर, तीसुद्धा खुडायला नाही, नुसती फुलोऱ्यावर जाऊ द्यायला. वर्षातला एकही महिना फुलाविना जाता कामा नये, हा हुकूम. वाफे कसे? वॉर्डातल्या खाटांसारखे. एका ओळीत, सारख्या अंतरावर, प्रत्येकाच्या उशाला काठी आणि काठीला चिठ्ठी. रोप वाकडं वाढलं तर त्याला आधार बांधून सरळ करायचं. नवरा म्हणायचा, "एवढ्या एकाला डिस्चार्ज द्या, त्याचं दुखणं बरं झालंय." ती हसायची नाही.

आणि माश्या आल्या. आधी एक, बुजलेली. मग पाच-सात. मग सकाळी ऊन चढलं की सूर्यफुलांवर नुसती झुंबड. काळेकुट्ट भुंगे, पट्ट्यापट्ट्यांच्या मधमाश्या, तिळाएवढ्या हिरव्या चमकणाऱ्या, पोटाला पिवळं पीठ माखून घेतलेल्या. भोपळ्याचा वेल त्या वर्षी असा लगडला की मांडव वाकला. बियाणेवाल्याच्या दुकानात तिने एक भोपळा नेऊन ठेवला. फक्त ठेवला.

पण झाडू? झाडू तिने सोडला नाही. फिनेल सोडणं म्हणजे एक बाटली सोडणं. झाडू सोडणं म्हणजे स्वतःलाच सोडणं. रोज पहाटे वाफ्यांमधली एकूण एक काडी उचलली जायची. फूल सुकलं की देठ मुळाशी कापायचा. गवत येऊ नये म्हणून ओळींमध्ये काळं प्लास्टिक अंथरलेलं, आणि उरलेली माती रविवारी खुरप्याने उलटून, चाळून, परत सपाट. तिथे बसून जेवता आलं असतं. जेवत होतेच की, माश्या.

गावात एक मंडळ होतं. कुणाच्या जागेत फुलांचं पीठ वाहून नेणारे हे जीव टिकून आहेत, हे बघून ते मंडळ फाटकावर लावायला पाटी द्यायचं. हिरवी, पांढऱ्या अक्षरांची: "इथे परागवाहक नांदतात." पाहणीला कॉलेजातल्या एक मास्तरीणबाई यायच्या, जाळीची टोपी आणि भिंग घेऊन. फिनेलबाईने महिनाभर आधी निरोप धाडला. आदल्या दिवशी नवऱ्याकडून फाटकावर खिळे ठोकून घेतले.

"पाटी मिळू दे तरी आधी," तो म्हणाला.

"खिळे ठोका."

मास्तरीणबाई आल्या. तरुण, चपला चिखलाने माखलेल्या. फिनेलबाईने त्या चपलांकडे बघितलं आणि गिळलं. बाई स्टुलावर बसल्या, सूर्यफुलांसमोर, बराच वेळ. "मावशी, काय सुरेख केलंय हो!" म्हणाल्या. "एवढ्या जातीच्या माश्या मी गावात कुठेच बघितल्या नाहीत." फिनेलबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खिळ्यांकडे.

मग बाईंचं लक्ष एका माशीवर गेलं. पायांना पिवळे गोळे लागलेली, जड झालेली. ती उडाली आणि भिंतीपलीकडे गेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. बाई उठल्या. "पलीकडची जागा कुणाची?"

"तो उकिरडा आहे," फिनेलबाई म्हणाली.

बाई भिंतीवर चढून पलीकडे उतरल्यासुद्धा. पायरीवर धाकटी चहा घेत बसली होती. तिला वाटलं मीटर बघायला कुणी आलं. बाई त्या तापलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या, मग आडव्याच झाल्या आणि ओरडल्या, "मावशी! अहो, ही तर अख्खी वस्ती आहे!"

जमिनीला भोकं होती. पेन्सिल जाईल एवढी, प्रत्येकाभोवती बारीक मातीची कडी. फिनेलबाईने ती भिंतीवरून कितीदा पाहिली होती आणि मुंग्या समजून नाक मुरडलं होतं. त्या प्रत्येक भोकात एकेक माशी शिरत होती. न्हाणीच्या विटांच्या फटीत शिरत होत्या. पोकळ काड्यांत शिरत होत्या. आडव्या पडलेल्या झाडात तर भुंग्यांनी बोगदे काढले होते, आतून लाकडाचा भुसा बाहेर पडत होता.

"सगळ्याच माश्या पोळं करत नाहीत," बाई भिंतीपाशी येऊन समजावू लागल्या. "बऱ्याचशा एकट्या राहतात. जमिनीत बीळ खणतात, आत एकेक खोली करतात. त्यांना उघडी, न हलवलेली माती लागते. सुक्या काड्या लागतात. मावशी, तुमच्याकडे जेवणाची सोय एक नंबर आहे. पण घर करायला जागाच नाही. प्लास्टिक, खुरपणी, झाडलोट... त्या बिचाऱ्या तुमच्याकडे जेवतात आणि राहायला इकडे येतात."

"मग पाटी?" नवऱ्याने विचारलं. बायकोला विचारवत नव्हतं, हे त्याला दिसत होतं.

बाई अवघडल्या. "पाटीवर 'नांदतात' आहे ना हो. मंडळाचा नियम तसा आहे. जिथे घरं आहेत तिथे."

पाटी धाकटीच्या फाटकावर लागली. नवऱ्याने ठोकलेले खिळे अलीकडच्या फाटकावर तसेच.

"पण मी काय केलं?" धाकटी विचारत होती.

"काही केलं नाहीत, तेच बरं झालं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

हे वाक्य फिनेलबाईच्या कानात तापल्या तेलासारखं शिरलं. काही केलं नाही म्हणून! तिने कंबर मोडून माती आणली, फांद्या मागत दारोदार फिरली, फिनेल सोडलं, फिनेल! आणि मान कुणाला? जी दिवसाला चार चहा पिते तिला!

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं, तिथेच खरं दुखणं होतं. सासूबाई होत्या तेव्हा त्यांना मोठीच्याच हातचं लागायचं. दोन्ही वेळचं ताट फिनेलबाईकडे. पण जेवून हात धुतले की म्हातारी काठी टेकत धाकटीकडे. झोप तिकडे, गप्पा तिकडे, दुखलं-खुपलं तिकडे. कारण मोठीकडे कप खाली ठेवला की धुतला जायचा आणि चादरीवर बसलं की चादर झटकली जायची. स्वतःची मुलगीसुद्धा अभ्यासाला काकूकडे जायची. "तिथे पुस्तकं पसरता येतात," म्हणायची. फिनेलबाईने रांधलं, वाढलं, आणि लळा कुणाचा लागला? धाकटीचा. आता माश्याही त्याच वाटेने गेल्या. ज्यांना पोसलं त्यांनी रात्र दुसरीकडे काढावी, याचा जो जाळ पोटात उठतो, तो ज्याला उठला त्यालाच कळतो.

त्या दिवसापासून तिची जीभ सुटली. आधी टोमणे भिंतीपुरते होते, आता गल्लीत निघाले. "आमच्या शेजारी उकिरडा आहे, पाटी लावलेला." दूधवाल्याला: "तिकडे भांडं नीट झाकून ने, माश्या नांदतात." पोस्टमनला: "पलीकडे जाताय? इंजेक्शन घेतलंय ना?" धाकटी ऐकायची आणि चहा प्यायची. ती चिडत नाही याचीच फिनेलबाईला जास्त चीड यायची.

मग एक दिवस धाकटीच्या मुलाच्या होणाऱ्या सासरची माणसं घर बघायला आली. व्याही, विहीणबाई, मुलीची मावशी. फाटकातून आत येत होती, तेवढ्यात भिंतीवरून फिनेलबाईचा आवाज आला, इस्पितळाच्या दोन मजल्यांना पुरायचा तो: "जरा जपून हं! तिथे साप निघतो!"

विहीणबाईंनी साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि त्या पायरीपर्यंत उड्या मारत गेल्या. त्या बसल्या, पण पाय वर घेऊन.

धाकटीचा चहा त्या दिवशी पहिल्यांदा कपातच निवला.

आठवड्याभराने नवरा बाहेरून आला तो बातमी घेऊन. "धाकटी सिमेंटचे ब्लॉक बसवतेय. अख्ख्या अंगणात. उद्या माल येणार, परवा काम."

"झाड?"

"झाड उचलणार. न्हाणी पाडणार. मशीनने माती दाबून वर ब्लॉक. म्हणाली, चकचकीत करते एकदाचं."

फिनेलबाईने चहा गाळला. आतून असं गार वाटलं, जसं कुणी पंखा लावला. आता? आता कुठे राहतील? येतील गुमान इकडे. पाटी उतरेल. खिळे आहेतच.

तरी खात्री असावी म्हणून तिने मास्तरीणबाईंना फोन लावला. "काही नाही, सहज विचारते. समजा, एखाद्याच्या अंगणातली वस्ती बुजली. तर त्या माश्या शेजारी राहायला येतात ना?"

"मोठ्या येतीलही काही. पण मावशी, आत पिल्लं असतात हो."

"कसली पिल्लं?"

"आई खोली करते, तिच्यात फुलांच्या पिठाचा लाडू ठेवते, त्यावर अंडं घालते आणि खोली लिंपून टाकते. मग मरून जाते. पिल्लू आत एकटंच, तेवढ्या शिदोरीवर वाढतं. पुढच्या हंगामाला माती उकरून बाहेर येतं. वर मशीन फिरलं, ब्लॉक बसले, की ती आतल्या आत गेली. पुढच्या साली तुमच्या फुलांवर यायला फारसं कुणी उरणार नाही. का हो? कुणी बुजवतंय का?"

"नाही, सहज," फिनेलबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

आता इथे कुणी म्हणेल, तिचं मन द्रवलं. नाही द्रवलं. त्या दिवशी दुपारभर ती वाफ्यात बसून एकच विचार करत होती: गेल्या तर जाऊ देत. माझ्याकडे राहायच्या नाहीत ना? मग तिच्याकडेही नकोत. माणूस असा विचार करतो. उजळ तोंडाने फिरणारेही करतात, फक्त कबूल करत नाहीत. दुसऱ्या दिवशी टेम्पोने माल टाकला तेव्हाही ती खिडकीत उभी राहून ब्लॉकचा रंग बघत होती. लाल आणि राखाडी. भिकार निवड, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सूर्यफुलाची सुकलेली पानं काढत होती. समोरच्या फुलावर एक माशी पिठात लोळत होती. पाय भरले, पोट भरलं, उडताना एकदा खाली बसली इतकी जड. आणि गेली भिंतीवरून. तेवढ्यात फिनेलबाईच्या डोक्यात ते वाक्य परत आलं: पिठाचा लाडू. कुठल्या पिठाचा? कुठल्या म्हणजे? या गावात एवढं सूर्यफूल दुसऱ्या कुणाचं आहे? त्या प्रत्येक खोलीत, त्या प्रत्येक पिल्लाच्या तोंडाशी ठेवलेला घास तिच्या वाफ्यातला होता. घर धाकटीचं असेल. ताट तिचं होतं. भरल्या ताटावर मशीन फिरवणार? आणि तेही त्या आळशी बाईच्या हुकमाने?

पलीकडे मशीन सुरू झालं. भुडभुडभुड.

फिनेलबाई भिंत चढली. तिच्या वयाला आणि तिच्या साडीला ते शोभत नव्हतं. पलीकडे उतरली, आणि ज्या जमिनीवर तिने कधी पाय ठेवला नव्हता तिच्यावर उभी राहिली. "बंद करा ते!"

मशीनवाला बंद करणार नव्हता, पण त्या आवाजापुढे त्याचा हात आपोआप बटणावर गेला.

"काय झालं ताई?" धाकटी पायरीवरून म्हणाली. आज हातात कप नव्हता.

"हे बसवायचं नाही."

"का? तुमच्या अंगणात बसवतेय का मी?"

"खाली घरं आहेत. माहिती नाही तुला? पाटी कशाची लावलीस मग?"

"पाटी मी मागितली होती का?" धाकटी उठली. "मी काहीच मागितलं नव्हतं ताई. बसत होते मी माझ्या पायरीवर. उकिरडा कोण म्हणालं? तुम्ही. दूधवाल्याला, पोस्टमनला, रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा कोण सांगत होतं? तुम्ही. साप कुणी काढला माझ्या घरात, माझ्या व्याह्यांसमोर? तुमची मुलगी या अंगणात वाढली, तिला कधी चावला का साप? विहीणबाईंचा निरोप आलाय, अंगण साफ करा मग पुढचं बोलू. करतेय साफ. आता तेही नको?"

मशीनवाला, त्याची दोन माणसं, भिंतीवर कोपर टेकलेला नवरा, सगळे फिनेलबाईकडे बघत होते. ती जिथे उभी होती तिथून हातभर अंतरावर एक माशी बिळाच्या तोंडाशी घिरट्या घालत होती. मशीनने तिची मातीची कडी मोडली होती, तिला दार सापडत नव्हतं.

"उकिरडा नाही हा," फिनेलबाई म्हणाली. हळू.

"ऐकू नाही आलं," धाकटी म्हणाली. "दोन मजल्यांना ऐकू जाईल असं बोला. साप बोलताना बोललात तसं."

"उकिरडा नाही म्हटलं!" ती ओरडली. "मी चुकले. जे तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही. त्या राहतात तुझ्याकडे. माझ्याकडे नुसत्या जेवायला येतात. झालं समाधान?"

धाकटीच्या तोंडावर तेच जुनं, फिनेलबाईला न सोसणारं हसू आलं. "म्हणजे खानावळ तुमची आणि घर माझं?"

"जास्त बोलू नकोस."

"बरं. थांबवते, झाड-न्हाणी राहू देत. पण दोन गोष्टी. फाटकापासून पायरीपर्यंत चालायपुरते ब्लॉक बसतील. विहीणबाईंना पाय ठेवायला जागा लागेल ना? उरलेला माल यांनी परत न्यावा."

"नेतो," मशीनवाला म्हणाला. त्याला भांडणातून सुटायचं होतं. "फोडलेला नाही तेवढा नेतो."

"आणि दुसरं," धाकटी म्हणाली, "व्याह्यांकडे तुम्ही जायचं. आणि सांगायचं, साप नाही."

फिनेलबाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आकाशाकडे.

ती गेली. कडक इस्त्रीची साडी नेसून गेली, जणू राउंडला निघाली. व्याह्यांच्या बैठकीत ताठ बसून म्हणाली, "आमच्या धाकटीच्या अंगणात साप नाही. मी खोटं बोलले. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून बोलले. अंगण मुद्दाम तसं ठेवलंय, त्याला नियम आहेत, कॉलेजातून बघायला येतात." विहीणबाईंनी पाणी पुढे केलं. उठता उठता फिनेलबाईने दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथे जळमट आहे तेवढं काढून घ्या." सोयरीक तरीही जमली, धाकटी म्हणते, त्यामुळेच जमली.

पुढच्या हंगामात जमीन फोडून माश्या बाहेर आल्या. धाकटीच्या अंगणात. वाफ्यांवर पहिली झुंबड उडाली त्या सकाळी फिनेलबाई न्याहारी विसरून बघत उभी राहिली. तिनेही एक वाफा मोकळा ठेवला होता: प्लास्टिक काढलं, खुरपं लावलं नाही, झाडू लावला नाही. त्या वाफ्याजवळून जाताना तिचे हात कसे शिवशिवतात हे नवऱ्याला विचारा. तिथे मुंग्या आल्या. एक मांजर येऊन झोपायला लागलं. माशी एकही नाही.

"येतील हो ताई, वेळ लागतो," धाकटी भिंतीवरून म्हणाली. मनापासून म्हणाली, हेच वाईट.

"तू मला नको शिकवूस."

पण आता ती रोज सकाळी भिंतीपाशी उभी असते, पलीकडे तोंड करून. मांजर पलीकडे उतरलं की "हूट!" मीटरवाला आला की "ब्लॉकवरून! ब्लॉकवरूनच चाला!" आणि सगळ्यात जास्त हुकूम सोडले जातात ते धाकटीवर. परवा धाकटी दोरीवर चादर वाळत घालत होती.

"ती चादर काढ."

"का आता?"

"सावली पडतेय बिळांवर. ऊन लागतं त्यांना सकाळचं."

"ताई, माझ्याच अंगणात मी पाहुणी झाले हो!"

"मग? राहायला जागा दिलीस म्हणजे मालकीण झालीस? पोसतंय कोण?"

"चादर काय डोक्यावर वाळवू?"

फिनेलबाईने मागे वळून बघितलं. तिच्या बाजूला तिची दोरी होती, ताणून बांधलेली, चिमटे रंगाप्रमाणे लावलेले. त्या दोरीला घरातल्यांनीसुद्धा विचारल्याशिवाय हात लावलेला नव्हता.

"दे इकडे," ती म्हणाली. "पण नीट पिळून दे. थेंब पडता कामा नये."

धाकटीने चादर भिंतीवरून दिली. त्याच वेळी एक माशी अलीकडून पलीकडे निघाली होती, दोघींच्या हातांमधून. फिनेलबाई चादर धरून तशीच थांबली, तिला जाऊ दिलं, आणि तिच्या पायांना लागलेला गोळा सूर्यफुलाचाच आहे ना, ते डोळे बारीक करून नीट बघून घेतलं.